सून बाजारात होती

धाकटीला पहिली ओळ सुचायची. ज्या मेलवर बाकीचे सकाळभर डोकं खाजवत बसत, त्याची सुरुवात तिला चहा गार व्हायच्या आत सापडायची. घरात ती शेंडेफळ, म्हणून धाकटी. एकदा तिच्या भावाचा फोन चुकून ऑफिसच्या स्पीकरवर लागला आणि त्याची "धाकटे, कुठे उलथलीस?" अशी हाक सगळ्यांनी ऐकली, तेव्हापासून ऑफिसातही ती धाकटीच झाली.

ऑफिसचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या मालाचे मेल लिहून देणं. गाद्या, विमा, पाण्याचे फिल्टर, जे येईल ते. मेल उघडण्याआधी फोनच्या पडद्यावर पहिल्या ओळीचा एवढासा तुकडा दिसतो, आणि मेल वाचला जाणार की पुसला जाणार हे त्या तुकड्यावरच ठरतं. विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे त्यांच्यामागे कात्रीबाई म्हणत, कारण दुसऱ्याने लिहिलेलं वाचताना त्यांचं पेन सारखं आडवं चालायचं. "लोक मेल वाचायला बसलेले नसतात," त्या म्हणायच्या, "टाळायला बसलेले असतात. पहिल्याच ओळीत ख्यालीखुशाली विचारलीत की तुमचा पत्ता कट." धाकटीच्या कागदावर मात्र त्यांचं पेन क्वचित टेकायचं. दोन-तीन शब्द वर-खाली केल्यासारखं करून त्या कागद परत द्यायच्या, आणि धाकटी टेबलाकडे परतताना जरा जास्तच ताठ चालायची.

एका कंपनीने गळ्यात घालायचं बटण काढलं होतं. घरात एकटं असलेलं म्हातारं माणूस पडलं तर त्याने ते दाबायचं, म्हणजे नातेवाइकांचे फोन वाजू लागतात. वस्तू चांगली होती, पण खपत नव्हती, कारण आपले आईवडील पडतील हा विचारच कोणाला नको असतो. कंपनीची एक अट होती. गोष्ट सांगायची तर खरी सांगायची. मागे कोणीतरी बनवून लिहिलेल्या गोष्टीवरून ते चांगलेच तोंडघशी पडले होते.

काम हातात आलं आणि धाकटीला बाबा आठवले. आठवले असं तरी कसं म्हणायचं, ते मनातून गेलेच नव्हते.

बाबा दादाकडे राहायचे. उभं आयुष्य त्यांनी एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात घालवलं होतं आणि बोलणंही तसंच होतं, आखीव, जागच्या जागी. दादा वीजकेंद्रात पाळीवर जायचा. वहिनी एका दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायच्या. पेशंटना वेळा द्यायच्या, फोन घ्यायचे, दवाखान्याला आलेले मेल बघायचे, असं त्यांचं काम. थंडी संपता संपताची गोष्ट. दुपारी घरात कोणी नसताना बाबा अंघोळीला गेले, आतून कडी लावली आणि घसरले. फोन बाहेर कॉटवर. संध्याकाळी वहिनी घरी आल्या तेव्हा त्यांनी खांद्याने दार ढकलून कडी तोडली. बाबांच्या खांद्याचं हाड तडकलं होतं आणि कंबर भोपळ्यासारखी सुजली होती.

हॉस्पिटलात धाकटी उशाशी बसलेली असताना बाबांनी तिला हळूहळू सांगितलं. टॉवेल खुंटीवर होता, हात पोचत नव्हता. फरशी गार पडत गेली. शुद्ध हरपू नये म्हणून ते नद्यांची नावं घेत राहिले, नकाशात उतरवायचे त्याच क्रमाने, उगमापासून मुखापर्यंत, उपनद्यांसकट. "एक उपनदी काही केल्या आठवेना," बाबा म्हणाले. "पडल्याचा नाही आला, तेवढा तिचा राग आला." धाकटी खळखळून हसली, आणि मग तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

तीच ही गोष्ट. खरी, आपल्याच घरातली, कोणाकडून मागून आणायला नको. धाकटीने पहिल्यांदा लिहिलं, 'तुमचे वडील आत्ता काय करत असतील?' कात्रीबाई म्हणाल्या, "धमकीचा फोन आल्यासारखं वाटतं." मग तिने लिहिलं, 'वडील दुपारभर बाथरूममध्ये उघडे पडले होते. सून कामावर होती.'

ती त्या ओळीकडे बघत बसली. पहिलं वाक्य अंगावर येत होतं, दुसरं मटकन खाली बसत होतं. कामावर गेलेल्या सुनेचा कोणाला राग येणार? सगळ्यांच्याच सुना कामावर जातात, मुलीही जातात. धाकटीने 'कामावर' खोडलं आणि 'बाजारात' लिहिलं. ओळ उठून उभी राहिली. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर आता पिशवी हलवत, भाव करत, रमतगमत हिंडणारी बाई येत होती आणि इकडे म्हातारा फरशीवर पडलेला होता. धाकटीला ते दिसलं. दिसलं म्हणूनच तर तिने तो शब्द ठेवला. एक शब्द तर बदललाय, तिने मनाशी म्हटलं, वहिनी घरी नव्हत्या एवढंच तर सांगायचंय.

कात्रीबाईंनी कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"तुझ्या घरातलं आहे?"

"हो."

"घरच्यांना विचारलंयस? चालणार आहे त्यांना?"

"हो मॅडम. चालेल."

तिने कोणालाही विचारलं नव्हतं. विचारीन, असं तेव्हा मनात होतं. मग घाई झाली, मग राहिलं, आणि मग विचारायची गरजच नाही असं वाटू लागलं. मेलमध्ये कोणाचं नाव थोडंच होतं.

अशा कामात दोन्ही ओळी आधी थोड्या थोड्या लोकांना पाठवून बघतात आणि जी जास्त उघडली जाईल ती पुढे पाठवतात. 'कामावर' कोणी फारसं उघडलं नाही. 'बाजारात' पाठवली आणि दुपारपर्यंत उघडणाऱ्यांचा आकडा बघायला ऑफिसातले लोक जागेवरून उठून आले. कंपनीच्या माणसाचा फोन आला, त्याचा आवाज सुखावलेला होता. बटणं खपू लागली. मेलला आलेल्या उत्तरांत लोकांनी सुनेला काय काय लिहिलं होतं ते एकाने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि त्यातल्या एकदोन शिव्यांवर सगळे हसले. धाकटीही हसली. त्या सुनेला चेहरा आहे हे त्या घटकेला तिच्या ध्यानातच आलं नाही, किंवा आलं असेल तर तिने ते बाजूला सारलं.

त्याच आठवड्यात कात्रीबाईंनी तिला नव्यांचा वर्ग घ्यायला लावला. पहिली ओळ कशी लिहायची, हा विषय. धाकटीने पांढऱ्या फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि विचारलं, कोणती उघडाल? सगळ्यांनी खालच्या ओळीकडे बोट केलं. मागच्या खुर्चीवरच्या एका नव्या मुलीने मात्र विचारलं, "पण त्या खरंच बाजारात होत्या ना?"

"घरी नव्हत्या, हे खरं," धाकटी म्हणाली. वर्गात हशा पिकला.

रविवारी ती दादाकडे गेली. दादा पाळीवरून येऊन झोपला होता. बाबा गॅलरीत हात गळ्यात बांधून, भिंग घेऊन कसलासा जुना नकाशा बघत होते. तिला बघून म्हणाले, "आलीस? जरा अंगाने भरलेली दिसतेस." म्हणजे मर्जी चांगली होती. आतल्या खोलीत वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांनी नेहमीसारखा चहा केला, नेहमीसारखा कप पुढे केला आणि पुन्हा घड्या घालायला बसल्या.

"दवाखान्याचे मेल मीच उघडते, माहिती आहे ना तुला," त्या म्हणाल्या.

"हो."

"ढीगभर येतात. निम्मे तर मी न वाचताच पुसते. परवा एक पुसता आला नाही."

दवाखाने, डॉक्टर, लहानमोठी ऑफिसं, या सगळ्यांचे पत्ते कंपनीने विकत घेतले होते, हे धाकटीला ठाऊक होतं. ठाऊक असून तिच्या मनात आलं नव्हतं.

"पहिली ओळ वाचली," वहिनी म्हणाल्या, "आणि मला त्या सुनेची कीव आली. खरं सांगते. म्हटलं, कोण बिचारी असेल, किती बोलले असतील तिला. म्हणून उघडला. वाचत गेले. आणि नद्या आल्या."

धाकटीने हातातला कप खाली ठेवला.

"डॉक्टर मागेच उभे होते. त्यांनीही वाचला, माझ्या डोक्यावरून. म्हणाले, कसली सून म्हणायची ही. मी म्हटलं, असेल तिची काही अडचण. तर म्हणाले, बाजारात कसली अडचण?" वहिनींनी बाबांचा सदरा झटकला, बाह्या आत दुमडल्या. "वर म्हणाले, तुम्ही बघा, सासऱ्यांसाठी रजा काढलीत, नाहीतर ही. माझं कौतुक केलं त्यांनी. मी थँक्यू म्हटलं."

"वहिनी, मी..."

"बाजारात का लिहिलंस?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं. धाकटीला वाटलं, चार शब्द जोडून काहीतरी बोलावं, कंपनीचं नाव पुढे करावं, वरून सांगितलं असं म्हणावं. पण वहिनी तिच्याकडे सरळ बघत होत्या.

"ओळ बरी बसत होती," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. इतकं ओशाळवाणं वाक्य तिने आयुष्यात उच्चारलं नव्हतं.

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा कपडा उचलला.

मग धाकटीने विचारलं, "बाबांनी वाचलंय?"

"नाही. ह्यांनाही सांगितलं नाही, उगाच घरात भांडण नको. बाबा आत्ता कुठे अंघोळीला दार लावून घ्यायला लागलेत. इतके दिवस दार किलकिलं ठेवायचे आणि मी बाहेर पाठ करून बसायचे, पडले तर आवाज यावा म्हणून. त्यांना लाज, मला लाज. आता जरा सावरलेत. त्यात हे कशाला?"

धाकटी जेवायला थांबली नाही. बाबांनी विचारलं तर काम आहे म्हणाली. बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली. कोणाकोणाला तो मेल गेला असेल याचा ती विचार करू लागली. बाबांच्या कचेरीतले जुने लोक. दादाच्या वीजकेंद्रातले. खालच्या मजल्यावरचा शिंपी, ज्याच्याकडे दुकानाचा म्हणून एक मेलपत्ता होता. नकाशे काढणारा आणि नद्यांची नावं घेणारा म्हातारा या गावात दुसरा कुठला? शेजारच्या बाईने फोन काढला तरी धाकटीची नजर तिच्या पडद्यावर जात होती आणि कान तापत होते.

सोमवारी ती कात्रीबाईंच्या खोलीत गेली. उरलेल्या सगळ्या पत्त्यांवर मेल त्याच दिवशी जायचा होता, आणि बसथांब्यांवर ती ओळ मोठ्या अक्षरात लावायचं कंपनीच्या मनात होतं.

"मॅडम, बटणाचा मेल थांबवायला हवा."

"का? आणखी चांगली ओळ सुचली?" कात्रीबाई हसल्या.

"त्यात एक शब्द खोटा आहे. वहिनी बाजारात नव्हत्या, कामावर होत्या. दोन ओळी करून पाठवल्या तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, त्या कामावरून येता येता बाजारात गेल्या असतील. तसं नव्हतं. आणि घरी मी कोणालाही विचारलं नव्हतं."

कात्रीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"इथेच, समोर उभं करून."

"हो मॅडम."

त्या ओरडल्या असत्या तर धाकटीला हलकं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी तिच्यासमोरच कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि म्हणाल्या, "चूक आमच्याकडून झाली आहे." त्या 'आमच्या'ने धाकटीची मान आणखी खाली गेली. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता, आणि कात्रीबाई, ज्या कोणाचं बोलणं कधी पूर्ण होऊ देत नसत, त्या गुमान ऐकत होत्या. फोन ठेवला तेव्हा ते काम ऑफिसच्या हातून गेलं होतं.

"ज्यांना मेल गेलाय त्यांना दुसरा पाठवूया का," धाकटीने चाचरत विचारलं. "खुलासा म्हणून."

"काय लिहिशील? सून बाजारात नव्हती?" कात्रीबाई म्हणाल्या. "उघडतील, तोही उघडतील. आणि पुन्हा त्या बाईबद्दलच बोलतील. जे गेलं ते गेलं. ते परत आणता येत नाही, म्हणून तर मी आधी विचारते."

धाकटीची जागा बदलली. खिडकीजवळच्या टेबलावरून तिला आतल्या बाजूला बसवलं, तक्रारींना उत्तरं द्यायच्या कामावर. तिथे पहिली ओळ ठरलेली होती, 'आपला मेल मिळाला', आणि शेवटचीही ठरलेली. ऑफिसात कोणी तिला काही बोललं नाही. ती पाणी प्यायला उठली की बोलणी बारीक व्हायची, एवढंच. वर्गात प्रश्न विचारणारी ती नवी मुलगी एकदा तिला जिन्यात समोर आली. तिच्या चेहऱ्यावर 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं काहीच नव्हतं. ती बिचारी धाकटीसाठीच कानकोंडी होऊन, भिंतीला लागून खाली उतरून गेली. ते जास्त लागलं.

बाबांना सांगायचं की नाही यावर ती बरेच दिवस अडून होती. वहिनी म्हणाल्या होत्या, कशाला? पण उद्या शिंप्याने विचारलं तर? कचेरीतला कोणी भेटायला आला आणि बोलून गेला तर? बाबांना बाहेरून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळावं, असं तिने ठरवलं. त्यात आपलं ओझं उतरवायची घाई किती आणि बाबांची काळजी किती, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

एका दुपारी वहिनी दवाखान्यात असताना ती गेली. बाबा गॅलरीत उन्हाला बसले होते. तिने फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, हे मी लिहिलंय. बऱ्याच लोकांना गेलंय. तुम्हाला न विचारता."

बाबांनी भिंग धरून वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वर जाऊन वाचलं. धाकटी गॅलरीच्या गजांकडे बघत राहिली. खाली कोणीतरी सायकलची चेन बसवत होतं.

"उघडे, हे खरं आहे," बाबा शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त फार खालून आल्यासारखा. "पण ती बाजारात होती, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच लिहिलं."

"का?"

यावेळी ओळीचं नाव काढायची तिला छाती झाली नाही. "चुकलं," ती म्हणाली.

बाबांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. "अंधार पडला होता," ते म्हणाले. "बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेर आहे. ती दाराला खांदा लावून ढकलत होती आणि मी आतून म्हणत होतो, येऊ नकोस, तुझ्या नवऱ्याला बोलाव. तशा स्थितीतही मला तेच पडलं होतं. कडी तुटली. तुटली, पण ती आत नाही आली. आधी चादर आली. अंदाजाने फेकली तिने, अंधारातच. म्हणाली, बाबा, अंगावर घेता येते का बघा. मला एका हाताने जमेना. मग ती चाचपडत आत आली आणि तिनेच पांघरली. नीट, खांद्यापासून पायापर्यंत. मग बाहेर गेली आणि दिवा लावला."

"हे मला माहीत नव्हतं," धाकटी म्हणाली.

"सांगितलं नव्हतं मी. नद्यांचं ऐकून तू हसलीस, तेव्हा तेवढंच सांगितलं. ते हसण्यासारखं होतं. हे कोणाला सांगायचं नव्हतं." त्यांनी भिंग खिशात घातलं, पण ते नीट गेलं नाही, म्हणून पुन्हा काढून घातलं. "तिने वाचलंय?"

"हो. त्यांनीच आधी वाचलं."

"कधी?"

धाकटीने सांगितलं.

"तरीच," बाबा म्हणाले. "त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, दवाखान्यात उशिरा खाल्लंय."

धाकटीला वाटलं होतं, बाबा रागावतील, किंवा निदान डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही.

"तू मला दाखवलंस ते बरं केलंस," ते म्हणाले, "असं काही मला म्हणवत नाही."

वहिनी येईपर्यंत ती थांबली. त्या आल्या, चपला काढल्या, बाबांच्या आणि तिच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांना काय ते कळलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या तशी धाकटी त्यांच्यामागे गेली.

"मी बाबांना सांगितलं."

"दिसतंय," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी नळ सोडला.

"मला आणखी एक करायचंय. मी तुमच्या डॉक्टरांकडे येते. त्यांना सांगते, ती सून म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही बाजारात नव्हता, त्यांच्याच दवाखान्यात होता. त्यांच्यासमोर बसून, त्यांचे फोन घेत होता. मला माझ्या तोंडाने सांगू द्या."

वहिनी हात धूत राहिल्या. मग त्यांनी नळ बंद केला.

"तिथे मी कोणाची सून नाही," त्या म्हणाल्या. "तिथे मी टेबलावरची बाई आहे. पेशंटच्या वेळा मला तोंडपाठ असतात, लहान मुलं माझ्याकडून गोळी घेतल्याशिवाय खुर्चीवर बसत नाहीत. तू येऊन सांगितलंस की डॉक्टरांना वाईट वाटेल, ते माझी माफी मागतील, आणि मग रोज माझ्याकडे बघताना त्यांना माझे सासरे उघडे दिसतील. नको. तेवढी एक जागा राहू दे मला."

धाकटी मान खाली घालून उभी राहिली. माफी मागायची म्हणून ती एवढी तयारी करून आली होती, आणि ती माफीही वहिनींनाच महागात पडणार होती, हे तिच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

"काही करायलाच पाहिजे असं आहे का?" वहिनी म्हणाल्या. मग त्यांनाच ते फार तोडून बोलल्यासारखं वाटलं असावं. "बुधवारी दवाखाना दुपारचाही असतो. बाबा तेव्हा फार वेळ एकटे असतात. जमलं तर येत जा."

धाकटी बुधवारी येऊ लागली. तक्रारींच्या कामात तेवढी अर्धी रजा मिळायची, तिथे तिची वाट बघणारं कोणी नसायचं. ती बाबांना औषध द्यायची, त्यांच्याबरोबर गच्चीपर्यंत चढून उतरायची, त्यांची अंघोळ होईस्तोवर बाहेरच्या खोलीत मोठ्याने काहीतरी वाचत बसायची, म्हणजे आपण इथेच आहोत हे त्यांना कळावं आणि आपण त्यांच्याकडे कान लावून बसलेलो नाही हेही कळावं. दादाला पुढे कधीतरी कळलं. तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही आणि मग एक दिवस फोन करून बुधवारी येताना बाबांची कंबरपट्टी आण म्हणाला.

वहिनी तिच्याशी कधी वाकड्यात शिरल्या नाहीत. चहा व्हायचा, खुशाली व्हायची, निघताना काहीतरी डब्यात घालून मिळायचं. पण पूर्वी त्या घरी आल्या आल्या दवाखान्यातल्या गमती सांगायच्या, कोण खुर्चीवरून पळून गेलं, कोणी डॉक्टरांचं बोट चावलं, ते सगळं बंद झालं. आता त्या एवढंच म्हणायच्या, "होतं बरंच काम."

एका बुधवारी धाकटी आली तेव्हा वहिनींना सुट्टी होती. दार लोटलेलं होतं. आतून बाबांचं बोलणं ऐकू येत होतं आणि मध्येच वहिनींचं हसू, तोंडावर पदर धरूनही आवरत नाही तसलं. धाकटी चपला काढून आत गेली. बाबा स्टुलावर बसून हातवारे करत काहीतरी सांगत होते. तिला बघून दोघंही थांबले.

"काय झालं?" धाकटीने हसत विचारलं.

"काही नाही, असंच," वहिनी म्हणाल्या, आणि गॅसकडे वळल्या.

बाबांना राहवलं नाही. "अगं, सकाळी खाली उतरलो आणि चुकून..." ते म्हणाले, मग अडले. त्यांनी एकदा सुनेच्या पाठीकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि ते बोट नाचवत थट्टेने म्हणाले, "सांगतो, पण हे कुठे लिहायचं नाही हं."

थट्टाच होती ती. बाबा स्वतः हसलेही. वहिनी हसल्या नाहीत, त्यांनी चहाच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"नाही लिहिणार," धाकटी म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. बाबांनी गोष्ट सांगितली, पण ती अर्धीच सांगितली, हे ऐकताना तिला कळत होतं. ती मन लावून ऐकत राहिली आणि जिथे हसायला हवं तिथे हसली.